बांसरीचीं अडीच सप्तकें

सांप्रत आपल्या सुशिक्षित घरांतून संगीताविषयीं बोलतांना एक नवाच हिशेबीपणा शिरला आहे. मुलाला कोणतें वाद्य शिकवावें असा प्रश्न निघाला म्हणजे पूर्वीं गुरु कोण मिळेल, मुलाचा कान कसा आहे, त्याचा ओढा कोणीकडे आहे, हें लोक पाहत. आतां पहिला प्रश्न येतो तो वाद्याच्या पल्ल्याचा. पियानोला ८८ पट्ट्या, म्हणजे सात सप्तकांहून अधिक, बाजारांतल्या साधारण इलेक्ट्रॉनिक कीबोर्डाला ६१ पट्ट्या, म्हणजे पांच सप्तकें, हातपेटीला तीन-साडेतीन, आणि बांसरीला? अवघीं अडीच! हा 'अवघीं' शब्द ज्या सुरांत उच्चारला जातो त्या सुरांतच बांसरीचा निकाल लागून गेलेला असतो. "वाद्य गोड खरें, पण अपुरें," हा तो निकाल. आमचा आक्षेप या निकालावर आहे, आणि त्याच्या बुडाशीं असलेल्या मापावर तर त्याहूनहि अधिक आहे.

ही गोष्ट दिवाणखान्यांतील गप्पांपुरती राहिली असती तर तिच्यासाठीं या मासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु दिवाणखान्यांतलें माप हळूं हळूं शिक्षणांत आणि परीक्षणांत उतरतें. मध्यंतरीं एका संगीतस्पर्धेची गुणपत्रिका आमच्या पाहण्यांत आली. तींत सूर, लय, रागशुद्धि या रकान्यांच्या जोडीला 'सप्तकविस्तार' असा एक स्वतंत्र रकाना होता. याचा परिणाम काय व्हावयाचा तो सांगावयास ज्योतिषी नको. बांसरी वाजविणारीं मुलें आलाप आटोपता घेऊन तार सप्तकांत धांव घेऊं लागलीं, फुंक ताणूं लागलीं, आणि शेवटीं एक उंच, किंचाळणारा स्वर लावून टाळ्यांची वाट पाहूं लागलीं. दोष मुलांचा नाहीं. ज्या गोष्टीला गुण ठेवाल तीच गोष्ट विद्यार्थी करतो.

प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं नीट मांडूं; नाहींतर आमचें उत्तर सोपें झालें असें कोणी म्हणेल. तो असें म्हणतो: संगीत स्वरांचें असतें, ज्या वाद्यांत स्वर अधिक त्यांत कल्पनेला वाव अधिक. ख्यालगायक मंद्र षड्जापर्यंत, प्रसंगीं त्याच्याहि खालीं, सहज उतरतो. बांसरी मंद्र पंचमाशीं थांबते. बीन आणि सरोद हीं वाद्यें तर गायकाच्याहि खालीं जाऊन येतात. युरोपांतल्या बांसरीनें चाव्यांच्या साहाय्यानें पुरीं तीन सप्तकें मिळविलीं. मग आपलाच वेळू सहा भोंकांवर संतुष्ट कां? ज्यांना 'सुधारणा' या शब्दाचें वेड आहे ते येथें आणखी एक पाऊल पुढें टाकतात आणि म्हणतात कीं, वेळूलाहि चाव्या बसवा, जोडनळ्या लावा, आणि एकदांचें हें न्यून भरून काढा.

यांतला कांहीं भाग सत्य आहे, आणि तो मान्य करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. मात्र हीं अडीच सप्तकें येतात कोठून हें पाहिल्याशिवाय त्यांना न्यून म्हणणें घाईचें होईल.

मैफलींत वाजविल्या जाणाऱ्या मोठ्या बांसरीला बोटांचीं छिद्रें मुळांत सहा. हिंदुस्थानी पद्धतींत वरचीं तीन छिद्रें मिटलीं असतां निघणारा स्वर षड्ज धरतात. तेथून एकेक बोट उचलीत गेलें कीं ऋषभ, गंधार आणि सर्व छिद्रें मोकळीं झालीं म्हणजे तीव्र मध्यम. शुद्ध मध्यम हवा असेल तर सर्वांत वरचें छिद्र अर्धेंच उघडावयाचें. उलट षड्जापासून एकेक छिद्र मिटीत गेलें कीं निषाद, धैवत, आणि सहाहि मिटल्यावर मंद्र पंचम. नळीची तळाची हद्द येथें संपते. आतां छिद्रें मिटलेलींच ठेवून फुंक थोडी निमुळती व वेगवान केली कीं तीच नळी एक सप्तक वर बोलूं लागते, मंद्र पंचमाच्या जागीं मध्य पंचम उमटतो, आणि त्याच बोटांनीं पुनः चढत चढत तार सप्तकाच्या तीव्र मध्यमापर्यंत पोंचतां येतें. त्याच्याहि वर, तार पंचमापासून अतितार षड्जापर्यंत, ओठ आणखी आवळून आणि बोटांच्या आडवळणी जुळण्या करून जातां येतें. पण तेथें स्वर कडक होतो, फार वेळ राहूं देत नाहीं. मंद्र पंचमापासून येथपर्यंतचें अंतर मोजलें म्हणजे हीं अडीच सप्तकें भरतात.

हा पल्ला वाटेल तसा ताणतां कां येत नाहीं? कारण तो वेळूच्या लांबीनें, पोकळीच्या रुंदीनें आणि माणसाच्या हातानें बांधलेला आहे. फुंकरीचें छिद्र आणि तळाचें तोंड अशी दोन्हीकडून मोकळी असलेली ही नळी. तिचा खालचा स्वर तिच्या लांबीवर ठरतो. मंद्र पंचमाऐवजीं मंद्र षड्ज तळाशीं हवा असेल तर नळी दीडपट लांब करावी लागेल. म्हणजे ३० इंचांच्या जागीं ४५ इंच. छिद्रांमधलीं अंतरेंहि त्याच प्रमाणांत वाढणार, आणि बोटें तर वाढत नाहींत. बरें, पोकळी रुंद करून खालचे स्वर भरदार करावे, तर वरचे स्वर मिटूं लागतात. अरुंद करून वरचे स्वर सुलभ करावे, तर खालचे पातळ होतात. या नळीचा व्यवहार काटेकोर आहे: एका टोकाला जें घ्यावें त्याचें मोल दुसऱ्या टोकाला चुकवावें लागतें. कीबोर्डावर एक कळ दाबली कीं सगळीं सप्तकें वर किंवा खालीं सरकतात, आणि वाजविणाऱ्याच्या श्वासाला त्याची खबरहि नसते. ज्या पल्ल्यासाठीं कांहींच द्यावें लागत नाहीं, त्याची श्रीमंती कसली सांगावी?

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. आमच्या संगीतांत पल्ल्याचें महत्त्व नाहीं असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. उलट तें इतकें आहे कीं, केवळ त्याच्यावरून राग बदलतो. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्या. पंडित भातखंडे यांनीं तिन्ही एकाच मारवा थाटांत घातले. तिघांतहि ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य, बाकीचे स्वर शुद्ध. स्वरांच्या यादीवरून निवाडा करावयाचा तर हे तीन राग नव्हेतच, एकच आहे. तरीहि जाणता श्रोता दोन-चार स्वरसंगतींत त्यांना वेगळे ओळखतो. पूरिया मंद्राकडे झुकतो, तेथल्या निषाद-धैवतांत रमतो. सोहनी तार षड्जाभोंवतीं फिरते, खालीं आली तरी पाहुणीसारखी येते. मारवा मधल्या भागांत ऋषभ-धैवतांवर आपला विषाद मांडतो. दरबारी आणि अडाणा यांचें नातेंहि याच जातीचें आहे; एकाचा जीव मंद्रांत, दुसऱ्याचा तारेंत.

यावरून निघणारा सिद्धान्त सरळ आहे. आमच्या संगीतांत पल्ल्याची लांबी गौण आणि त्याचें स्थान प्रधान. किती सप्तकें आहेत हा प्रश्न दुय्यम. तीं कोठें आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या जागीं वादकाचा श्वास स्थिर राहतो, हा पहिला प्रश्न. पूरियाचा आलाप ज्याला मंद्रांत उभा करतां येत नाहीं, त्यानें वर आणखी एक सप्तक मिळविलें तरी त्याचा पूरिया सोहनीच होणार.

बांसरीच्या आधुनिक इतिहासांत जें सर्वांत मोठें कार्य झालें तें नेमकें याच सिद्धान्तावर झालें. पन्नालाल घोष (१९११–१९६०) बारिसालचे. कलकत्त्यास चित्रपटसंगीतांत काम करून ते १९४० सालीं मुंबईस आले, आणि पुढें १९४७ पासून उस्ताद अल्लाउद्दीन खां यांच्यापाशीं शिकले. त्यांच्यापूर्वीं उत्तर हिंदुस्थानांत बांसरी म्हणजे बहुधा आखूड, उंच स्वराची, गुराख्याच्या पाव्याची सख्खी बहीण. लोकगीतांत, नृत्याच्या साथींत ती शोभे. दरबारी किंवा पूरिया तिच्यावर कोणी मागत नसे. पन्नालालांनीं सुमारें ३२ इंचांची लांब बांसरी घेतली. तिच्या योगें पल्ला वाढला काय? फारसा नाहीं. पूर्वींहि अडीच सप्तकें होतीं, नंतरहि अडीचच राहिलीं. तीं अडीच सप्तकें त्यांनीं उचलून खालीं आणलीं, गंभीर रागांच्या वस्तींत आणून ठेवलीं. घर तेवढेंच राहिलें. त्याचा पत्ता बदलला. बांसरी ख्यालाच्या मैफलींत सन्मानानें बसूं लागली ती या पत्त्याच्या बदलामुळें.

त्यांच्या नांवाशीं जोडलेली दुसरी गोष्ट सातव्या छिद्राची. तळाकडे एक छिद्र अधिक. तें करंगळीनें मिटलें कीं मंद्र पंचमाच्या खालचा तीव्र मध्यम मिळतो. हिशेबी मनुष्य म्हणेल, "एवढा खटाटोप करून वाढलें काय? अर्धा स्वर!" होय, अर्धाच स्वर. पण वर सांगितलेला पूरिया पुनः आठवा. पंचम त्यांत वर्ज्य. म्हणजे सहा छिद्रांच्या बांसरीचा सर्वांत खालचा स्वरच निकामी. मंद्र धैवताखालीं उतरून तीव्र मध्यमावर टेकणें ही त्या रागाची खास जागा, आणि तीच या बांसरीला दुष्प्राप्य. सातव्या छिद्रानें ती मिळाली. शिवाय सर्व छिद्रें मोकळीं असतांचा मध्यम आणि सर्व मिटलेलीं असतांचा पंचम यांच्यामध्यें बोटांना जी एकदम उडी मारावी लागते, तीहि या छिद्रानें सांधतां येऊं लागली, आणि तेथें मिंडेला वाट झाली. अर्ध्या स्वराच्या पदरांत एवढें पडलें. हें ज्याला कळलें त्याला आमचा उरलेला लेख वाचण्याची गरज नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, या मोठ्या बांसरीचा मंद्र तरी कोठें मंद्र आहे? आक्षेप मार्मिक आहे. आज जी बांसरी मैफलींत सर्रास दिसते तिचा षड्ज बहुधा पांढरी तीनचा असतो. म्हणजे तिचा मंद्र पंचम पांढरी सातवर, सेकंदाला सुमारें २४७ कंपनांचा. काळी पांचमध्यें गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज सुमारें २३३ कंपनांचा असतो. अर्थात् बांसरीचा सर्वांत खोल स्वर गायिकेच्या मध्य षड्जाहूनहि अर्ध्या स्वरानें उंचच! तरीहि तो पंचम लागला कीं तो खोल विहिरींतून आल्यासारखा वाटतो. याचें कारण हें कीं, मंद्रता केवळ कंपनांच्या आंकड्यांत राहत नाहीं. ती षड्जाशीं असलेल्या नात्यांत राहते, आणि नळीच्या पुऱ्या लांबीनें भरून बोलणाऱ्या आवाजाच्या जातींत राहते. मोजपट्टी घेऊन बसलेल्या टीकाकाराच्या हातून निसटतें तें हेंच.

आतां युरोपाकडे पाहूं. कारण आमचे सुधारक आपला सर्वांत मोठा साक्षीदार तेथूनच आणतात. हा साक्षीदार म्हणजे म्यूनिकचा थिओबाल्ड बोएम (१७९४–१८८१). त्यानें १८३२ सालीं आणि मग १८४७ सालीं बांसरीची रचना आमूलाग्र बदलली. आजची पाश्चात्य चावीदार बांसरी ही त्याचीच. तिचा पल्ला तीन सप्तकांचा, हें खरें. पण बोएमला तिची आवश्यकता कां वाटली? १८३१ सालीं लंडनमध्यें त्यानें चार्ल्स निकल्सन या वादकाला ऐकलें. निकल्सनच्या बांसरीचीं छिद्रें मोठीं होतीं आणि स्वर दणदणीत होता. तसा आवाज आपल्याहि वाद्याला यावा, सर्व स्वर सारख्या बळाचे आणि सुरांत असावे, ही तळमळ बोएमच्या मागें होती. छिद्रें ध्वनिशास्त्राप्रमाणें योग्य जागीं पाडलीं तर बोटें तेथवर पोंचत नाहींत, म्हणून चाव्या. पल्ला वाढला तो या खटपटीचा उपफल म्हणून, आणि तोहि थोडक्याच स्वरांनीं. त्याच्या शंभर वर्षें आधींची एक चावीची लांकडी बांसरी सुमारें अडीच सप्तकांचीच होती, आपल्या वेळूएवढी! त्याच बांसरीसाठीं योहान सेबास्टियन बाखनें साथीशिवाय एकट्यानें वाजवावयाची पार्टिटा लिहिली, आणि तिचा पहिला भाग त्या वाद्याच्या वरच्या टोकाच्या स्वरावर नेऊन संपविला. ती आजहि बांसरीवादकांची कसोटी समजली जाते. अठराव्या शतकांतच क्वांट्स या प्रशियाच्या दरबारी वादकानें बांसरीला दुसरी चावी बसविली. तीहि पल्ल्यासाठीं नव्हे. पेटीवर एकाच काळ्या पट्टीनें भागविले जाणारे दोन अगदीं जवळचे स्वर वेगळे ऐकूं यावे, एवढ्यासाठीं. आमच्या श्रुतिवाद्यांना हा गृहस्थ जवळचा वाटावा.

तीन सप्तकें मिळाल्यावर युरोपांतल्या थोर रचनाकारांनीं त्यांचें काय केलें हेंहि पाहण्यासारखें आहे. क्लोद द्यबुसीनें १८९४ सालीं मालार्मेच्या कवितेवरून वाद्यवृंदासाठीं एक प्रख्यात रचना केली. तिचा आरंभ एकट्या बांसरीनें होतो, आणि तो स्वर तार सप्तकांतला नाहीं. मधल्या भागांतल्या एका फिकट, काहींशा पोकळ स्वरापासून निघून ती घसरत खालीं येते तें अंतर आपल्या षड्जापासून तीव्र मध्यमाएवढें, अर्धें सप्तक. तेवढ्या जागेंत त्यानें एका उन्हाळी दुपारचा सगळा आळस ओतला. त्याचीच १९१३ ची 'सिरिंक्स' ही एकट्या बांसरीची रचना वाद्याच्या तळाशीं असलेल्या एका खोल स्वरावर विझून जाते. उलट एडगार वारेझनें १९३६ सालीं प्लॅटिनमच्या बांसरीसाठीं 'डेन्सिटी २१·५' लिहिली, आणि तींत वादकाला नेहमींच्या तीन सप्तकांच्याहि वर नेलें. पण तेथें तो उंच स्वर धातूला धार लागावी तसा लागतो. त्या रचनेचा तोच विषय आहे. म्हणजे पल्ला वापरावा तर असा, कांहीं म्हणावयाचें असेल तेव्हां. आमच्या स्पर्धांतून तो वापरला जातो तो केवळ 'आम्हांलाहि येतें' एवढें म्हणण्यासाठीं.

चाव्यांनीं युरोपाचें भलें झालें, यांत शंका नाहीं. त्या संगीताला सर्व बारा स्वर सारख्या तोलाचे हवे होते. परंतु आमच्या वेळूवर बोटाचें मांस थेट छिद्रावर असतें. तें तसूतसूनें सरकवून छिद्र पाव, अर्धें, पाऊण मोकळें करतां येतें, आणि त्यांतून मींड, आस, आंदोलन हीं जन्मतात. छिद्रावर धातूचें झांकण बसलें कीं तें एक तर उघडें, नाहीं तर मिटलेलें. दरबारीचा कोमल गंधार अशा झांकणाखालून कसा डोलावा? चार स्वर वर मिळविण्यासाठीं स्वरांच्या मधली सगळी जमीन विकून टाकावयाची, असा हा सौदा आहे.

आणि ही दृष्टि आम्ही आज शोधून काढली आहे असेंहि नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत सुषिर वाद्यांचा जो अध्याय आहे त्यांत वेणूचा विचार बोटाच्या स्थितीवरून केलेला आढळतो. बोट पुरें उचललें तर चतुःश्रुति स्वर, कंपित ठेवलें तर त्रिश्रुति, अर्धें उचललें तर द्विश्रुति. ज्या शास्त्रकाराला वेणूविषयीं सांगावेंसें वाटलें तें हें: एकाच छिद्रांतून किती सूक्ष्म भेद निघतात. पुढें तेराव्या शतकांत, आमच्याच देवगिरीस, यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत वेणूचे अनेक प्रकार वर्णिले. फुंकरीचें छिद्र आणि त्याच्या जवळचें बोटाचें छिद्र यांमधलें अंतर एक अंगुळ तर 'एकवीर', दोन तर 'उमापति', तीन तर 'त्रिपुरुष', अशीं नांवें अठरा अंगुळांपर्यंत चढत गेलीं आहेत. एकाच वेणूनें सर्व कांहीं करावें असा हट्ट त्यानें धरला नाहीं. स्थान बदलावयाचें तर वेणु बदलावा, हें त्याला ठाऊक होतें. आजचे वादकहि तेंच करतात. रागविस्तार लांब बांसरीवर करून अखेरीस धून वाजवावयाची झाली कीं आखूड बांसरी हातीं घेतात. त्यांना कोणी अपुरे म्हणत नाहीं.

पल्ल्यावरून वाद्यांची प्रतवारी लावावयाची तर मग ती प्रामाणिकपणें लावा. हातपेटीला बांसरीहून एक सप्तक अधिक. पण याच पेटीला स्वरांच्या मधलें कांहीं बोलतां येत नाहीं म्हणून १९४० सालीं नभोवाणीनें दाराबाहेर उभें केलें होतें, आणि १९७१ पर्यंत ती बंदी टिकली. ती बंदी योग्य होती कीं नव्हती हा वाद वेगळा. पण पल्ला तिच्या उपयोगी पडला नाहीं एवढें खरें. दुसऱ्या बाजूस सनई पहा. तिचा पल्ला सुमारें दोन सप्तकांचा, म्हणजे बांसरीहूनहि थोडका. लग्नमंडपाच्या दारांतलें तें वाद्य उस्ताद बिस्मिल्ला खां (१९१६–२००६) यांनीं ख्यालाच्या व्यासपीठावर नेलें, आणि २००१ सालीं देशानें त्यांना भारतरत्न दिलें. कोणी त्यांच्या सप्तकांची मोजणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. साहित्यांतहि हेंच नाहीं काय? अभंगाचा छंद केवढासा! महाकाव्याच्या तुलनेनें त्याला 'पल्ला' नाहीं म्हणून तुकोबांना अपुरे म्हणण्यास कोणी धजेल काय?

बांसरीला मंद्र षड्ज नाहीं, हें मात्र खरें. दरबारीचा मंद्र कोमल धैवत तिला मिळतो, पण त्याच्या खालीं पंचमावर आणि सातव्या छिद्रानें फार तर मध्यमावर येऊन तिला परतावें लागतें. गायक जेथें आणखी पायऱ्या उतरतो तेथें ती काठावरून पाहते. ही उणीव आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. पण उणीव आणि अपुरेपणा यांत अंतर आहे. कुशल वादक त्या काठालाच अर्थ देतो; मंद्र पंचमावर तो असा थांबतो कीं खालचा षड्ज तंबोऱ्यांतून ऐकूं यावा आणि श्रोत्यानें तो मनांत पुरा करावा. सर्व कांहीं स्वतः वाजवून दाखविणारा वादक श्रोत्याला करावयास कांहींच ठेवीत नाहीं.

आमच्या चिंतेचा विषय वाद्य नाहीं. वेळू आपली काळजी घेण्यास समर्थ आहे. चिंता आहे ती शिकणाऱ्या मुलांची. पल्ल्याच्या मोहानें आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातीं ३० इंचांची बांसरी दिली जाते. त्याचीं बोटें छिद्रांवर पुरत नाहींत, हवा निसटते, आणि महिन्याभरांत घरचे म्हणतात, याला कांहीं येत नाहीं. त्याच मुलाला आखूड बांसरी दिली असती तर त्यानें एका सप्तकांत भूप वाजविला असता आणि त्याचा कान तयार झाला असता. दुसरीकडे जीं मुलें टिकतात त्यांचा मंद्राचा अभ्यास सुटतो. पहांटे उठून एकच मंद्र पंचम श्वास संपेपर्यंत धरावयाचा, त्यांत कांप येऊं द्यावयाचा नाहीं, ही बांसरीची खरी तालीम. तिला गुणपत्रिकेंत रकाना नाहीं. मंद्राचा आवाज मुळांत कोमल. पूर्वीं तो दहा हातांपलीकडे ऐकूं जात नसे. ध्वनिवर्धकानें ती अडचण दूर केली. आज शेवटच्या रांगेंतल्या माणसालाहि वादकाचा नुसता निःश्वास ऐकूं येतो. अशा सोयीचा काळ आला असतां आपण ती सोय किंकाळी मोठी करण्यासाठीं वापरावी, हें आमच्या रसिकतेला शोभणारें नाहीं.

म्हणून आमची सूचना थोडक्यांत अशी. परीक्षकांनीं 'सप्तकविस्तार' हा रकाना खोडून टाकावा आणि त्या जागीं 'स्वरस्थैर्य' असा लिहावा. शिक्षकांनीं मुलाच्या हाताच्या मापाची बांसरी द्यावी, आणि पहिलें वर्ष एका सप्तकाबाहेर जाऊं देऊं नये. आईबापांनीं वाद्य निवडतांना किती सप्तकें हा प्रश्न टाकून द्यावा आणि त्याऐवजीं मुलाला एक स्वर किती वेळ ऐकत बसावासा वाटतो, हें पाहावें. आणि श्रोत्यांनीं, ज्यांत आम्हीहि आहों, तार षड्जावरची टाळी थोडी आवरून मंद्र पंचमासाठीं राखून ठेवावी. तो लागतो तेव्हां सभागृहांत टाळी वाजवावयाचें कोणाच्या मनांत येत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण ती शांतता टाळीहून मोठी आहे एवढें तरी वादकाला कळूं द्यावें.